मानकऱ्याची मेल अडवायची नाही

फिशिंग हा शब्द देवगडात उच्चारला की समोरचा माणूस हसतो आणि बंदराकडे हात करतो. हा विनोद मी बारा वर्षं ऐकतोय. पहिल्या वर्षी मीही हसलो असेन. आता कोणी तो केला की मी त्या माणसाचं काम दोन दिवस मागे टाकतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. हापूसच्या बागायतदारांची एक संस्था आहे, तिचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे आणि तो मी सांभाळतो. कर्मचारी, संचालक आणि सभासद मिळून तीनेकशे लोकांचं टपाल माझ्या यंत्रातून आत येतं. यंत्र गोदामाच्या शेजारच्या खोलीत आहे, रिकाम्या पेट्या आणि पेंढा यांच्या मधोमध, आणि माझं टेबल ऑफिसच्या कोपऱ्यात. दिवसभर फिशिंगच्या, म्हणजे गळ टाकणाऱ्या खोट्या मेल येत असतात. कोणी बँक बनून येतो, कोणी कुरिअरवाला, कोणी सरकारी खातं. सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, तुमचा पासवर्ड. तो एकदा मिळाला की तुमच्या नावाने ते वाटेल ते करतात. ही माणसं मला कधी दिसली नाहीत, पण मी त्यांचा जितका द्वेष केलाय तितका भाऊबंदकीतल्या माणसांचाही केलेला नाही.

आलेली प्रत्येक मेल चाळणाऱ्या फिल्टरमध्ये मी तीन वाटा करून ठेवल्या आहेत. उघड चोर असेल तर बाहेरच्या बाहेर हाकलायचा. ओळखीचा असेल तर घरात घ्यायचा. आणि नक्की कळत नसेल तर खळ्यात उभा करायचा. खळं म्हणजे आमच्याकडे घरापुढचं सारवलेलं अंगण. अनोळखी माणूस आला की तो तिथे थांबतो, घरातलं कोणीतरी बाहेर येऊन त्याला न्याहाळतं, मग ठरतं. खळ्यातल्या मेल मी रोज स्वतः बघायचो आणि एकेक आत सोडायचो.

पण यंत्रापेक्षा माणसं वाईट. आमची माणसं हावेपोटी फसत नाहीत, लॉटरीच्या मेल त्यांना दिसल्या तरी ती हसून पुढे जातात. आमची माणसं फसतात ती नाव बघून. मेल कुठल्या पत्त्यावरून आली हे कोणी बघत नाही, वर नाव ओळखीचं असलं की झालं. गावात कोणी दारात येऊन अमक्याचा मुलगा म्हणून सांगितलं की त्याला आधी आत घेतात, पाणी देतात आणि मग विचारतात, खंयसून इलंस रे? मेलच्या बाबतीतही तेच. मी वर्षानुवर्षं ओरडत आलो की नाव कोणालाही लावता येतं, पत्ता बघा, आणि हे ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावून जागेवर जाऊन पुन्हा नावच बघायचा.

म्हणून मी भिंतीवर एक कागद लावला होता. मेल उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा: हा माणूस असं लिहितो का? घाई करतोय का? काही मागतोय का? उत्तरं पटली नाहीत तर मला विचारा. हे शेवटचं वाक्य लिहिल्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

कारण तो कागद मनापासून वाचणारी ऑफिसात एकच व्यक्ती होती. रवानगीच्या टेबलावरची बाई. कुठल्या बागायतदाराच्या पेट्या कुठल्या ट्रकमध्ये चढल्या त्याची यादी करून ती व्यापाऱ्यांना पाठवायची. मिठबावहून रोज एसटीने यायची, सव्वीस वर्षं. मी तिला काकी म्हणायचो. नातं काही नव्हतं, पण वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे दुसरं काय म्हणणार. काकी एका बोटाने टाइप करायची आणि प्रत्येक मेलबद्दल मला विचारायला यायची. वीजबिलाची मेल आली, विचार. व्यापाऱ्याने नुसतं 'मिळाले' असं लिहून पाठवलं, विचार. मी आधी नीट सांगायचो, मग तुटक, मग तिच्याकडे न बघता. शेवटी शेवटी ती टेबलाकडे येताना दिसली की माझ्या कपाळावर आठी यायची आणि ती लपवायचे कष्ट मी घेत नव्हतो.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर ती निवृत्त होणार होती. संस्थेची एक जुनी रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला वार्षिक सभेत सगळ्या सभासदांसमोर अध्यक्षांच्या हातून शाल आणि नारळ मिळतो. पण फाईल स्वच्छ हवी. एखादा ताशेरा असला तर नारळ नाही, तो माणूस चहा पिऊन घरी जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या गावात कळलेलं असतं की अमक्याला नारळ मिळाला नाही. काकीची फाईल स्वच्छ होती. सभेसाठी साडीसुद्धा तिने जानेवारीतच घेऊन ठेवली होती, मोतिया रंगाची. हे तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, मलाही.

आता अध्यक्षांबद्दल सांगायला हवं. ते त्यांच्या गावच्या देवीचे मानकरी. पालखीला पहिला खांदा त्यांच्या घराचा, पहिला प्रसाद त्यांना, देवीपुढे गाऱ्हाणं घालून मागणं मागतानाही ते आल्याशिवाय सुरुवात होत नाही. हे गावात ठीक आहे. पण संस्थेतही तेच चालायचं. चहाचा पहिला कप त्यांना, हंगामातल्या पहिल्या पेटीला हळदकुंकू लावणार तेही तेच, आणि ते खुर्चीवरून उठल्याशिवाय सभा संपत नाही. मला याचा मनस्वी राग होता. का होता ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं.

काकीच्या निवृत्तीच्या आदल्या मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरात, त्यांच्या देवीची जत्रा होती. त्यांनी नवीन फोनवरून संस्थेतल्या तीनशे लोकांना एकदम आमंत्रणाची मेल पाठवली, सोबत पालखीचा फोटो. नवा पत्ता, एकदम तीनशे लोक, वर जोडलेली फाईल. फिल्टरने ती मेल खळ्यात उभी केली. मी त्या वेळी तापाने घरी होतो, तीन दिवस खळ्याकडे कोणी बघितलं नाही. आमंत्रणं पोचली ती जत्रा होऊन गेल्यावर.

संचालकांच्या बैठकीत मला बोलावलं गेलं. अध्यक्ष आवाज न चढवता बोलले.

"देवीचा आमंत्रण तू खळ्यात उभा केलंस? तीन दिस?"

मी यंत्राचं कारण सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"देवळात माका कोण अडवणा नाय. हो तुझो फिल्टर कोण लागून गेलो?"

कोणीतरी हसलं. व्यवस्थापक साहेब ऑफिसच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "यापुढे अध्यक्षांची मेल अडता कामा नये. कुठूनही येवो, काहीही असो. आजच व्यवस्था करा." मी माफी मागितली. बारा संचालकांसमोर, हात बांधून.

टेबलावर परत आलो तेव्हा माझे कान तापले होते. अध्यक्ष तीन पत्ते वापरत, एक जुना, एक नव्या फोनचा, एक सुनेचा. तिन्ही पत्ते शोधून, तपासून, यादीत घालायला पंधरा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. एकच ओळ लिहिली: पाठवणाऱ्याचं नाव हे असेल तर काहीही न तपासता आत सोडावं. पत्ता नाही, नाव. जे करू नका म्हणून मी बारा वर्षं घसा फोडला तेच मी अर्ध्या मिनिटात केलं, आणि चुकून नाही, रागाने केलं. त्यांना मान हवा ना, घ्या मान, असं तोंडातल्या तोंडात म्हणालो. त्या नियमाला नावसुद्धा दिलं, 'मानकरी'. मग काय होईल ते होवो, असं मला वाटल्याचं पक्कं आठवतं.

मार्चात आंब्याचा हंगाम भरात होता. दुपारची वेळ, मी जेवत होतो. डब्यात भात आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर. काकी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"अध्यक्षांची मेल इली हा. सभासदांची नवी यादी उघडूक सांगतत, आणि आजच्या आज. ते असा कधी लिवत नाय रे. जरा बघशीत?"

भिंतीवरच्या तीन प्रश्नांपैकी दोन तिने मला तोंडावर सांगितले होते. मी ते ऐकलेच नाहीत. मला फक्त 'अध्यक्ष' ऐकू आलं आणि घास कडू झाला.

"गो काकी, आत इली म्हणजे माझ्या फिल्टरातसून इली. दर मेल घेवन माझ्याकडे धावत येतंस, तू काय बालवाडीत आसंस? जा, उघड."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं हिशेबनीस खुसखुसले. काकी गेली आणि तिने मेलमधला यादीचा दुवा उघडला. आत आमच्यासारखंच दिसणारं, पासवर्ड मागणारं पान होतं, त्यात तिने एका बोटाने आपला पासवर्ड भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्या खात्यातून जगभर हजारो खोट्या मेल सुटल्या होत्या. बाहेरच्या सर्व्हरांनी आमच्या संस्थेला चोरांच्या यादीत टाकलं आणि ते आमची एकही मेल घेईनात. रवानगीच्या याद्या परत येऊ लागल्या. ट्रक भरून उभे, व्यापाऱ्यांना कळेना कोणाच्या पेट्या कशात आहेत, आणि पेटीतला आंबा कोणासाठी थांबत नाही, तो आपला तयार होत राहतो. चार दिवस आम्ही याद्या फोनवर वाचून दाखवल्या. बागायतदार ऑफिसात येऊन शिव्या घालत होते. मी सर्व्हर धुऊन काढत होतो, बाहेरच्या लोकांना विनवण्या करत होतो की आम्हाला यादीतून काढा, आणि मधल्या वेळात काकीला बोलत होतो. सगळ्यांदेखत.

"काकी, पासवर्ड म्हणजे जत्रेतलो प्रसाद काय गो? हात पुढे केल्यान तेका दिलंस?"

ती मांडीवर हात ठेवून बसली होती. "चुकला माझा," एवढंच म्हणाली. हिशेबनीस या वेळी हसले नाहीत.

पाचव्या दिवशी मेल सुरळीत झाल्या आणि मला लॉग वाचायला सवड झाली. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, कोण कधी आलं, कोणी तपासलं, कुठे सोडलं, सगळं त्यात असतं. ती खोटी मेल मी शोधून काढली. पत्ता परदेशातला, अगडबगड अक्षरांचा. नाव अध्यक्षांचं, जे आमच्या वेबसाइटवर फोटोसकट छापलेलं आहे. आणि त्यापुढे ओळ: 'मानकरी' नियम लागू, तपासणी वगळली.

वेळ दुपारी एक दहा. त्या वेळेवरून मला कोशिंबीर आठवली आणि काकी टेबलाशी उभी असलेली आठवली. तोपर्यंत खरंच आठवलं नव्हतं, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवावा अशी माझी अपेक्षाही नाही. मी नियम काढून टाकला. लॉगचा तो भाग पुसून टाकावा असंही मनात आलं. पुसला नाही. त्यात माझा मोठेपणा नव्हता. लॉग छापून घेतला तर बैठकीत अध्यक्षांच्या तोंडावर ठेवता येईल, हे मला त्याच क्षणी सुचलं होतं.

चौकशीची बैठक शनिवारी झाली. काकीला भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. व्यवस्थापकांनी निष्काळजीपणाचा ताशेरा द्यायचा असं आधीच ठरवलेलं दिसत होतं, कागद समोर तयार होता. मी उठलो, छापील लॉग टेबलावर ठेवला आणि सांगितलं की ही मेल फिल्टरने अडवली असती, पण अध्यक्षांच्या नावाने येणारी मेल तपासायची नाही असा हुकूम होता. हुकूम कोणाचा हे मी सावकाश उच्चारलं. त्या बैठकीची मी डिसेंबरपासून वाट बघत होतो असं म्हटलं तरी चालेल.

अध्यक्षांनी कागद हातात घेतला. चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे माझा नाव सांगून चोर भितुर शिरलो."

"होय."

"मगे माझी मेल पण खळ्यात उभी कर. सगळ्यांच्या आधी माझी." त्यांनी कागद खाली ठेवला. "ह्यो मान माका नको."

मला त्यांच्याकडून आरडाओरडा हवा होता. त्यासाठी मी चार वाक्यं तयार करून आलो होतो, ती तशीच राहिली. नियम नावावर का लिहिला, पत्त्यावर का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना तो फरक माहीतच नव्हता. मीही सांगितला नाही.

मग व्यवस्थापक काकीकडे वळले. "ठीक आहे. दार उघडं होतं हे मान्य. पण बाई, दुवा उघडून पासवर्ड तुम्ही भरलात. त्याआधी तुम्ही कोणाला विचारलं होतं का?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी उभाच होतो. ती बघत राहिली, आणि मी टेबलावरचा लॉगचा कागद उचलून त्याची घडी घालायला लागलो. एक घडी, दुसरी घडी.

"नाही, साहेब," ती म्हणाली. ऑफिसच्या मराठीत.

ताशेरा तिच्या फाईलमध्ये गेला.

सोमवारी सकाळी दहा वाजता ती माझ्या टेबलाशी आली. "ही उघडू काय रे?" एका व्यापाऱ्याची मेल होती, रोजची. मी म्हटलं, उघड. ती गेली. दहा मिनिटांनी परत आली. "ही उघडू काय रे?" त्या दिवशी ती एकेका मेलसाठी उठली आणि दुसऱ्या दिवशीही. पूर्वी ती घाबरत यायची. आता यायची ती ताठ, माझं बोलणं चालू असलं तर संपेपर्यंत थांबायची, उत्तर ऐकायची आणि जायची. जेवताना यायची नाही. डबा बंद करून मी हात धुतले की समोर उभी.

एप्रिल गेला, मे गेला, पावसात गोदाम रिकामं झालं, मेल कमी झाल्या, ती येतच राहिली. ऑफिसातल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. मला होईना. तिचं पाऊल वाजलं की माझा जबडा आवळायचा. एकदा श्रावणात मी फुटलो.

"काकी, ही वीजबिलाची मेल. दर म्हयन्याक येता. ह्यात विचारूचा काय आसा?"

ती वाकली. आवाज इतका हळू की फक्त मला ऐकू यावा.

"मागल्या वेळी तू उघड म्हणालंस म्हणान उघडलंय. ह्या मी बैठकीत सांगूक नाय. तू सांगशीत म्हणान गप रवलंय."

"मगे सांगूचा होतास तेवाच."

"मी कित्याक सांगू? तुका तोंड नाय?"

असं म्हणून ती सरळ झाली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मगे उघडू मां?"

मी उघड म्हणालो. त्या दिवशी मी तिचा इतका राग केला की संध्याकाळी घरी जाताना गाडी चुकीच्या वळणाला लागली. राग कशाचा होता हे आता लिहिताना स्पष्ट दिसतं, तेव्हाही दिसत होतं. ऑफिसात मी ज्या जोरावर सगळ्यांवर डाफरायचो तो जोर एकाच गोष्टीचा होता, मी चुकत नाही. मी एकदा सांगितलं असतं की तिने विचारलं होतं आणि मीच उघड म्हणालो, तर उद्यापासून प्रत्येक जण मला तेच ऐकवणार. म्हणून सव्वीस वर्षांच्या स्वच्छ फाईलवरचा डाग मी तसाच राहू दिला. हे भेकडपण आहे, दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

सप्टेंबर आला. वार्षिक सभेची पत्रिका तयार झाली, तीत सत्काराचा विषय नव्हता. काकीने काही विचारलं नाही. साडीचा विषय तिने मार्चपासून काढला नव्हता. तिच्या निवृत्तीला तीन दिवस राहिले होते तेव्हा, दुपारी, मी तिला मेल लिहायला घेतली. ती माझ्यापासून बारा पावलांवर बसली होती. उठून बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. अकरा ओळी लिहिल्या. तू मला विचारलं होतंस, मी तुला हिडीसफिडीस केलं, नियमही मी रागाने आणि आळसाने चुकीचा लिहिला, मला माफ कर, वगैरे. प्रमाण मराठीत, शुद्ध. विषयाच्या जागी लिहिलं: माफी मागायची आहे. पाठवली आणि कामात असल्यासारखा पडद्याकडे बघत बसलो.

तिच्या यंत्राचा आवाज झाला. मग खुर्ची सरकल्याचा. मग पावलं.

"तुझ्या नावान एक मेल इली हा," ती म्हणाली. हळू नाही. दोन्ही हिशेबनीस, शिपाई, फोनवरची मुलगी, सगळ्यांनी मान वर केली. "उघडूक नाय मी. विषय तेवढो वाचलंय. माफी मागायची आहे असा लिवला हा."

मी पडद्यावरून नजर काढली नाही.

तिने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "ह्या तूच लावलंस. हो माणूस असा लिवता काय? नाय. मी तुका बारा वर्सा बघतंय, तू असा लिवचंस नाय. घाई करता काय? तीन दिस रवले तेवा पाठवल्यान, म्हणजे करता. काय मागता काय? व्हय, माफी मागता. मगे ही खोटी. कोणीतरी तुझा नाव लावन पाठवल्यान."

"नाय काकी. माझीच आसा."

"मगे मेल कित्याक? मी हंय बसलंय."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं. मी उठून उभा राहिलो. बोलताना माझा आवाज चिरका निघाला, तो मला अजून ऐकू येतो. "काकी, तू माका विचारलं होतंस. मीच उघड म्हणालंय. चूक माझी."

"माका म्हायत आसा ता," ती म्हणाली. "माका कित्याक सांगतंस?" आणि व्यवस्थापकांच्या केबिनकडे बघितलं.

मी गेलो. दार ढकलून आत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नाव आणि पत्त्याचा फरकसुद्धा. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सहा महिने तुम्ही गप्प होतात?"

"हो."

"का?"

मी म्हटलं, लाज वाटत होती. त्यांनी तिची फाईल मागवली, ताशेऱ्याचा कागद काढून घेतला आणि तोच मजकूर तारीख बदलून माझ्या फाईलसाठी लिहायला सांगितला. माझ्याच हाताने. मी तो लिहून सही केली. रविवारच्या सभेत काकीला शाल आणि नारळ मिळाला, मोतिया साडी तिला शोभत होती. नारळ घेऊन ती माझ्या समोरून गेली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी केबिनमधून बाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि काकीची खुर्ची रिकामी होती, मिठबावची एसटी गाठायला ती निघाली होती. मी टेबलाशी बसलो. कोणाला एखाद्या मेलचा संशय आला तर कळवायला प्रत्येकाच्या पडद्यावर मी एक बटण दिलं आहे. ते दाबलं की मेल माझ्याकडे परत येते आणि खरी की खोटी याचा निकाल मी द्यायचा असतो. इतक्या वर्षांत काकीने ते बटण कधी वापरलं नव्हतं, ती चालतच यायची. पडद्यावर तिची एक तक्रार आली होती. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव, विषय 'माफी मागायची आहे', मेल उघडलेली नाही.

मी त्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या आणि 'खोटी'वर बोट दाबलं.